थोरलीचा बिल्ला

थोरली तिसऱ्या वळणावर दोनदा शिंकली, एकदा हबकली आणि बसली.

"दगड!" ड्रायव्हर ओरडला.

धाकटी त्याआधीच उडी मारून चाकामागं दगड लावत होती. पाच हजार लिटर पाणी पाठीवर घेऊन ट्रक चढावर उभा राहिला, की त्याला मागं जायची भारी हौस येते. एक दगड लावला, दुसरा लावला. तिसरा उन्हानं असा तापला होता, की त्यावर चहाला आधण आलं असतं. तिनं तो नुसत्या हातांनी उचलला, चाकाखाली सारला आणि मग बोटं तोंडात घातली.

थोरली म्हणजे हा ट्रक. घरात सून एकच, पण तिला धाकटी म्हणत, कारण ट्रक तिच्या आधी घरात आला होता. ती लग्न होऊन आली त्या दिवशी सासऱ्यानं तिला दारातच थांबवलं होतं. "आधी थोरलीच्या रेडिएटरमध्ये पाणी घाल, मग आत ये." तेव्हापासून मान थोरलीचा आणि कष्ट दोघींचे, असा संसार चालला होता. त्यातून दोन पावसाळे कोरडे गेले. वरच्या वस्तीची विहीर आटली. चाळीस घरांना पाणी द्यायचं काम या घराला मिळालं, आणि त्या कामावरच तीन माणसं जेवत होती.

ड्रायव्हरनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, बॉनेट उघडलं. मधल्या सीटवर बसलेला म्हातारा सासरा खिडकीतून म्हणाला, "पॉइंट बघ."

"पॉइंटच बघतोय, आबा. कालपासून दुसरं बघतोय काय?"

इंजिनाच्या कुशीत वीतभर उंचीचा एक खांब उभा असतो, तो डिस्ट्रिब्युटर. त्याच्या डोक्यावर काळं झाकण, झाकणातून सहा वायरी सहा प्लगांना गेलेल्या. झाकणाखाली मसुराच्या डाळीएवढे धातूचे दोन ओठ, ते पॉइंट. मधला दांडा फिरतो, त्याचे सहा कोपरे ओठांना ढोसतात, ओठ उघडतात आणि ठिणगी पडते. उघडायचं ते फक्त नखाच्या जाडीएवढं. आत्ता मात्र ते मिटून बसले होते, काळे पडले होते, आणि जळक्या रबराचा वास येत होता.

ड्रायव्हरनं हँडल मारलं. अकरा वेळा मारलं. बाराव्या वेळी हँडल उलटून मनगटावर बसलं, तेव्हा तो मनगट धरून रस्त्यातच खाली बसला.

"सोड पाणी," तो म्हणाला.

"अहो, सगळं?"

"भरलेली गाडी ब्रेकवर मागं उतरत नाही. सोड."

धाकटीनं व्हॉल्व्ह फिरवला. दोन तास भरलेलं पाणी अर्ध्या घटकेत रस्त्यावरून पळालं. वरून ते लोकांना दिसलं असावं, कारण माणसं धावतच खाली आली. घागरी, डबे, पातेली, एकाच्या हातात तर कुत्र्याचं भांडं. चाकोरीतलं पाणी ओंजळीनं भरू लागली. माती आली तर येऊ दे, गाळून घेऊ. एक बाई धाकटीकडे न बघताच म्हणाली, "कालही असंच. आमची पोरं काय तुमचा धूर पितील?"

एकच म्हातारी वाकली नाही. निळा कॅन हातात धरून ती कडेला ताठ उभी होती. तिचा भाऊ वरच्या दगडखाणीवर ड्रायव्हर होता. गाडीचं सामान विकलं म्हणून त्याला मालकानं हाकलला, तो परमुलखात गेला आणि तिकडेच मेला. त्याला पस्तीस वर्षं झाली. तेव्हापासून ही बाई पडलेलं काही उचलत नसे आणि फुकटचं काही घेत नसे.

"भरा की, आजी," धाकटी म्हणाली.

"रस्त्यावरचं नको. वरच्या टाकीत पडेल तेव्हा भरीन."

सीटवरचा म्हातारा दुसऱ्या खिडकीतून दरी बघत होता. ती बाई दिसली, की त्याला नेहमीच दरी बघायची असे.

घरी आल्यावर धाकटी बॉनेटवर ओणवी झाली आणि म्हातारा शेजारी पालथ्या पिंपावर बसला. पस्तीस वर्षं थोरलीचे पॉइंट तोच बसवत आला होता. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून बोलणं त्याचं आणि हात धाकटीचे. माहेरी ती शिलाई मशिनी दुरुस्त करायची. सुई आणि फिरकीची गाठ केसभर चुकली तर टाका सुटतो, एवढं तिला कळत होतं, त्यामुळे हेही पटकन कळलं.

कळत नव्हतं ते एवढंच, की नवे पॉइंट टिकत का नाहीत. डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर पितळी बिल्ला होता, त्यावर कंपनीचा नंबर. तो कागदावर उतरवून ती शहरात गेली होती. पार्टवाल्यानं नंबर वाचून दोन सेट दिले. पहिल्या सेटचं स्क्रूचं भोक जागेवर बसेना, तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "जरा कानशीनं घास की. आजकाल कंपन्या बेवड्यांकडून भोकं पाडून घेतात." तिनं घासलं. पॉइंट बसले, पण तिरके. एक चढ चढले नाहीत. दुसऱ्या सेटची गत आज वळणावर झाली.

"मामंजी, टाच बघा." तिनं काढलेला पॉइंट त्याच्या तळव्यावर ठेवला. "दांड्यावर सपाट टेकायला हवी. एका कडेनं झिजलीय. एका दिवसात अर्धी गेली. टाच झिजली, की ओठ मिटतात."

म्हाताऱ्यानं अंगठा फिरवला. त्याला दिसत नसलं तरी अंगठ्याला दिसत होतं.

"उन्हानं होतं तसं," तो म्हणाला.

"उन्हानं टाच झिजते?"

"तू किती उन्हाळे पाहिलेस?"

"मग डिस्ट्रिब्युटरच बाहेर काढून बघू. दांडा हलत असेल."

"हात लावशील तर खबरदार!" म्हातारा पिंपावरून उठलाच. "कंपनीत बसवला तसा भोकात आहे. टायमिंग गेलं तर देव खाली आला तरी लागायचं नाही."

हा घरातला कायदा होता. झाकण काढावं, पॉइंट बदलावेत, पण डिस्ट्रिब्युटर भोकातून उपसायचा नाही. आणखी एक कायदा होता, तो कुणी बोलून दाखवत नसे. काढलेला जुना पॉइंट म्हातारा खिशात टाकायचा. नेहमी. नमुन्याला म्हणून जुना पॉइंट मागितला तेव्हा तो म्हणाला होता, "बिल्ला असताना नमुना कशाला?"

ड्रायव्हर पाण्याचं काम देणाऱ्या साहेबाला भेटून आला आणि मनगटाला फडकं गुंडाळत उंबऱ्यावर बसला.

"उद्या दिवस मावळायच्या आत वरच्या टाकीत पाणी पडलं नाही, तर परवापासून ट्रॅक्टरवाला."

त्यानं फडक्याची गाठ दातानं ओढली.

"भंगारवाल्याला सकाळी बोलावलंय. धरणाच्या कामावर डंपर चालवायला माणसं घेतायत. वर्ष-दोन वर्षं."

"आणि आम्ही?" धाकटीनं विचारलं.

"तुम्ही इथं. पाठवत जाईन." तो तिच्याकडे बघत नव्हता. "दुसरं काय करू, सांग ना. सांग, मी तेच करतो."

तिनं त्याच्या मनगटावरचं फडकं सोडलं आणि पुन्हा नीट बांधलं.

सकाळी ड्रायव्हर पुन्हा साहेबाच्या दारात बसायला गेला, आणि भंगारवाला हातोडी घेऊन आला. तो थोरलीला ठिकठिकाणी ठोकून बघू लागला. डॉक्टर पोटावर बोटं वाजवतो तसा.

"पत्रा कुजलाय."

"पत्रा कुजू दे!" म्हातारा काठी टेकत आला. त्याला गिऱ्हाईक मिळालं होतं. "इंजिन बघ. ही गाडी काय आहे ठाऊक आहे का? पुराच्या साली नदी बॉनेटपर्यंत होती. मी काय केलं, डिस्ट्रिब्युटर उपसला, सदऱ्याच्या आत पोटाशी धरला, दोर दातात घेतला आणि गाडी ओढत नदी पोहून गेलो. पलीकडे जाऊन बसवला. तोपर्यंत इंजिन चालूच होतं."

"डिस्ट्रिब्युटर नसताना?"

"सवयीनं."

भंगारवाला पोट धरून हसला. धाकटीनं ही गोष्ट सोळा वर्षांत दोनशे वेळा ऐकली होती, आणि दोनशे वेळा तिला इंजिनाचंच हसू आलं होतं. आज हसू आलं नाही. हातातली बादली तिनं खाली ठेवली. जो डिस्ट्रिब्युटर कंपनीत बसवल्यापासून भोकातून निघाला नाही, तो सदऱ्यात कसा गेला?

"तुम्ही संध्याकाळी या," ती भंगारवाल्याला म्हणाली.

"कटर आणू ना?"

"आणा."

तो गेल्यावर तिनं सावकाश हँडल फिरवलं आणि रोटरचं, म्हणजे दांड्यावरच्या फिरत्या काट्याचं, टोक पहिल्या प्लगच्या वायरीसमोर आणलं. खिळ्यानं डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर एक रेघ ओढली आणि तीच पुढं इंजिनावर नेली. मग त्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट सोडला.

नटाचा आवाज म्हाताऱ्यानं घरातून ओळखला. "धाकटे! काय करतेस?"

"काढतेय, मामंजी."

तो धडपडत आला. येताना पिंपाला अडखळला, गुडघ्यावर पडला, उठला. तोवर डिस्ट्रिब्युटर वर आला होता. निघताना रोटर बोटभर फिरला, तिथं तिनं दुसरी खूण केली. मग फडक्यानं तेल पुसून तो उजेडात धरला.

खालच्या बाजूला डब्याच्या पत्र्याची कातरून केलेली चकती होती, भोकात सैल पडू नये म्हणून. पट्टीचं टोक कानशीनं घासलेलं होतं. आणि बिल्ला कंपनीच्या रिव्हेटांनी बसवलेला नव्हता. चपलेचे दोन खिळे होते.

"हा थोरलीचा नाही," ती म्हणाली.

म्हातारा पिंपावर बसला. त्याची काठी लांब पडली होती, ती त्यानं शोधली नाही. आयुष्यात त्याला एवढ्या थापा सुचल्या, पण या वेळी एकही येईना.

"पूर नव्हता," तो शेवटी म्हणाला. "घोट्याएवढं पाणी होतं. मीच शहाणपणा करून पुसायला काढला आणि हातातून दगडावर पडला. त्याचा बसवायचा कान तुटला. तेव्हा थोरली माझी नव्हती, मालकाची होती. त्यानं त्याच दिवशी मला काढून टाकला असता. घरात तुझा नवरा तापानं फणफणलेला."

"मग हा कुठून आणलात?"

"खाणीवर एक गाडी उभी होती. ड्रायव्हर तिच्या सावलीत झोपला होता. दोस्तच होता माझा. त्याच्याच पान्यानं काढला. मालकाला कळू नये म्हणून थोरलीचा बिल्ला ह्याच्यावर ठोकला." त्यानं नाक पुसलं. "दुसऱ्या दिवशी त्याला हाकलला. मी म्हटलं, उद्या सांगू. त्यानंतरच मी पूर आणला."

धाकटी उभीच राहिली. "निळ्या कॅनवाल्या आजीचा भाऊ?"

म्हाताऱ्यानं होकारार्थी मान हलवली. मग उठून घरात गेला, खाटेखाली चाचपडत बसला आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यात पस्तीस वर्षांचे जुने पॉइंट होते. सगळे एका साच्यातले, आणि बिल्ल्यावरच्या नंबराशी एकाचंही नातं नव्हतं.

"डोळे होते तोवर मीच नमुना घेऊन जायचो. तुला नमुना दिला असता तर पार्टवाला म्हणाला असता, हा ह्या नंबरचा नाही. मला वाटलं, घासून बसेल. धाकटे, मला खरंच वाटलं बसेल."

"दोन दिवस तुम्हाला ठाऊक होतं." तिनं डब्यातला एक पॉइंट उचलून खिशात टाकला. "त्यांचं मनगट गेलं. लोकांनी चिखल भरून नेला. ते घर सोडून चाललेत. आणि तुम्ही पिंपावर बसून मला ऊन सांगत होता."

"काय करू मी आता?"

"आधी थोरलीची टाकी भरून ठेवायला सांगा त्यांना. आणि थोरली वर गेली, की त्या बाईला सांगायचं. तुम्ही. मी नाही."

डिस्ट्रिब्युटर फडक्यात बांधून, तान्ह्या मुलासारखा मांडीवर घेऊन ती दुधाच्या गाडीनं शहरात गेली. पार्टवाल्यानं गाठोडं सोडलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हा बिल्ला ह्याचा नाही, ताई. ह्याचा बाप वेगळा आहे."

"कसं ओळखलंत?"

"बिल्ल्यावरच्या नंबराचं अंग ॲल्युमिनियमचं असतं, हे बिडाचं. त्याचं झाकण स्क्रूनं बसतं, ह्याला क्लिपा आहेत. त्याला तेलाची वाटी, ह्याला ग्रीसची. पाटी कुणीही ठोकतं. आधी अंग बघायचं, मग झाकण, मग दांड्याचे कोपरे मोजायचे, आणि पाटी वाचायची सगळ्यात शेवटी." त्यानं दांडा दोन बोटांत धरून हलवला. "दांडा ठीक आहे. पण पॉइंट... हे बंद होऊन जमाना झाला."

तो माळ्यावर चढला. धाकटी खाली शिडी धरून उभी राहिली. वरून धूळ पडत होती, पुठ्ठ्याचे खोके सरकल्याचा आवाज येत होता. एक खोका. दुसरा. "नाही," तो वरूनच म्हणाला. तिनं शिडीला डोकं टेकवलं. बराच वेळ नुसते खोके सरकत राहिले. मग एक काडेपेटीएवढं खोकं तिच्या पुढ्यात पडलं. कागद पिवळा पडून फुटला होता, आत एकच सेट होता. डब्यातल्या जुन्या पॉइंटाशेजारी धरला, तर जुळी भावंडं.

"पॉइंट जळू देत नाही तो कंडेन्सरही ह्याचाच लाव," पार्टवाला म्हणाला. "आणि हा सेट शेवटचा. पुढच्या वेळी मी तरी कुठून आणू?"

परत आली तेव्हा थोरलीची टाकी भरली होती, आणि भंगारवाला गॅसच्या नळकांड्यावर बसून विडी ओढत होता. ड्रायव्हरला म्हाताऱ्यानं एवढंच सांगितलं होतं, की पॉइंट चुकीचा होता. त्यानं जास्त विचारलं नाही, विचारायला त्याच्यात काही उरलंच नव्हतं.

धाकटीनं आधी खिळे उपसून बिल्ला खिशात टाकला, मग रोटर दुसऱ्या खुणेवर धरला आणि डिस्ट्रिब्युटर भोकात सोडला. खाली बसता बसता रोटर फिरून पहिल्या खुणेवर आला. रेघेला रेघ जुळली. पॉइंटचं भोक घासावं लागलं नाही. टाच दांड्यावर सपाट बसली. दांड्याचा कोपरा टाचेखाली आणून तिनं ओठांमध्ये फट मोजायचं गेजचं पातं सरकवलं. ते लोण्यातून निघावं इतकं सैल नको आणि ओढावं लागेल इतकं घट्ट नको. तीनदा बघितलं. दांड्याला ग्रीसचं बोट लावलं.

"मारा," ती म्हणाली.

ड्रायव्हरनं डाव्या हातानं हँडल मारलं. पहिल्याच फटक्याला थोरली बोलली. भंगारवाल्यानं विडी विझवली. "आता हिच्यासाठी मी कटर घेऊन आलो होतो," तो कुरकुरला आणि नळकांडं खांद्यावर टाकून चालायला लागला.

तिसरं वळण आलं तेव्हा तिघांनीही श्वास धरला होता. थोरलीनं त्या वळणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

वरच्या टाकीत पाणी पडायला लागलं तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. माणसं रांगेत उभी राहिली. निळा कॅन सगळ्यात पुढं होता. म्हातारीनं नळाखाली कॅन धरला, काठोकाठ भरला, झाकण लावलं.

"काय झालं होतं हो थोरलीला, आबा?" कुणीतरी विचारलं.

म्हातारा खाली उतरला. इथं तो कधीच उतरत नसे. दोन्ही हातांनी काठी धरून उभा राहिला आणि बोलायला लागला. घोट्याएवढं पाणी, तुटलेला कान, खाणीवरची गाडी, सावलीत झोपलेला दोस्त, त्याचाच पाना, चपलेचे खिळे. एकही शब्द वाढवला नाही.

माणसं थांबून ऐकत राहिली, आणि मग कुणीतरी खुदकन हसलं.

"आणि इंजिन चालूच होतं ना, आबा?"

रांगच्या रांग हसली. दोन दिवस तहानेलेली माणसं, टाकीत पाणी पडत होतं, त्यांना हसायला काहीही पुरलं असतं. "पूर बरा होता, आबा!" "दोर दातात धरा की!" ड्रायव्हर तर सगळ्यांत मोठ्यानं हसला. तीन दिवसांत तो पहिल्यांदा हसत होता. "आबा, ही काही जमली नाही," तो डोळे पुसत म्हणाला.

"खरं आहे रे," म्हातारा म्हणाला. "खरं आहे." तो जितक्यांदा म्हणाला, तितकं हसू वाढलं.

धाकटीनं खिशातून बिल्ला आणि दोन खिळे काढले. पण दाखवायचे कुणाला, ते तिला कळेना, कारण ज्या एकीला दाखवायचे होते तिला ते लागणार नव्हते. ती हसत नव्हती.

म्हातारी कॅन घेऊन वळली आणि टाकीच्या पायऱ्या चढली. झाकण काढून सगळं पाणी तिनं परत टाकीत ओतलं. सावकाश, थेंबही न सांडता. शेवटी कॅन उलटा करून झटकला, तोही आतच. मग पायऱ्या उतरून म्हाताऱ्याच्या समोरून गेली. थांबली नाही. रिकामा कॅन तिच्या गुडघ्यावर आपटत होता, तो आवाज तिच्या दारापर्यंत ऐकू आला.

उतारावर थोरली गुणी बाईसारखी चालली होती. ड्रायव्हर उद्याच्या तीन खेपांचं बोलत होता, डंपरचं नाव काढत नव्हता. मध्ये बसलेल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर बिल्ला होता आणि तो अंगठ्यानं त्याच्यावरचा नंबर चाचपत होता.

तिसरं वळण गेल्यावर तो हळूच म्हणाला, "उद्या येईल का गं ती पाण्याला?"

धाकटी काचेतून बाहेर बघत राहिली. रस्त्यावर कालच्या पाण्याचा मागही उरला नव्हता.

"येईल," ती म्हणाली. "दुसरीकडे पाणी आहे कुठं, मामंजी?"